गळती

आमच्या गावात यंत्रं कशी कशी आली, याचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. गाव पंचगंगेच्या काठचं, कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर. इथं इतिहास म्हटला की पन्हाळगड नाहीतर शाहू महाराज. मोट कधी गेली आणि इंजिन कधी आलं, हे विचारायचं झालं तर म्हाताऱ्या माणसाजवळ बसावं लागतं. आमच्या आज्जीजवळ तो हिशेब होता. ती साल सांगायची नाही. "तुझा बा रांगत हुता तवा इंजान आलं," अशी तिची कालगणना.

त्याआधी आला लोखंडी नांगर. कुंडलच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना घातला. औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली. लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक सुरुवातीला त्या नांगराला हात लावत नव्हते, असं आमच्याकडंही जुनी माणसं सांगायची. पुढं ऑईल इंजिनं आली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, ओतशाळा, इंजिनांचे सुटे भाग बनवणारी वर्कशॉपं उभी राहिली. नदीकाठच्या विहिरींवर मोटेच्या नाड्याचा कुरकुर आवाज बंद झाला आणि पुकपुक सुरू झाली. उसाचं रान वाढलं. इंजिनाबरोबर गावात एक नवी जात जन्माला आली, ती मिस्त्रीची. सुतार नाही, लोहार नाही, पण दोघांचंही थोडं थोडं जाणणारा माणूस.

आमच्या गावचा मिस्त्री उद्यमनगरात पाच-सहा वर्षं काढून आलेला. शाळा चौथीपर्यंत. पण विहिरीवरचं इंजिन बांधावर उभं राहून नुसतं ऐकायचा आणि सांगायचा, "व्हॉल्व्ह बसंना झालाय." वेशीजवळ पत्र्याचं शेड, त्यात एक ऐरण, एक व्हाईस, रॉकेलचा ट्रे, आणि भिंतीला खिळ्यावर टांगलेले पान्हे. बस्स. पुढं विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं कमी झाली, तसा मिस्त्री फटफट्यांकडं वळला.

फटफट्या तरी गावात किती? दोन राजदूत आणि एक येझदी. या सगळ्या दोन स्ट्रोकच्या. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं, ते जळून धुरातनं जायचं. आमच्या आण्णांनी १९८४ साली कोल्हापुरातल्या एका ठेकेदाराकडनं जुनी बुलेट घेतली, तेव्हा गावात पहिली चार स्ट्रोकची गाडी आली. आण्णा दूध संस्थेचे सेक्रेटरी. जिल्हा दूध संघ १९६३ साली निघाला, त्यानंतर गावोगाव संस्था झाल्या. आमच्या संस्थेचे हिशेब, संघाच्या मिटिंगा, पशुखाद्याची पोती, सगळं आण्णांच्या अंगावर. सायकलीवर जमेना म्हणून ही गाडी.

बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिच गावची. आपल्या लष्कराला गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, त्यातनं ती इकडं आली. १९५५ साली मद्रासच्या कंपनीनं रेडिचवाल्यांशी भागीदारी केली आणि तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. पुढं रेडिचचा कारखाना बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक की तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आणि किक मारण्याआधी अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, नाहीतर ती पोटरीवर उलटी लाथ घालायची.

दिवसा ती आण्णांची गाडी. रात्री ती गावाची. कुणाला इंचू चावला, कुणाची सून अडली, की आमच्या दारात कंदील यायचा. आण्णा सदरा अडकवत बाहेर पडायचे. मागं बसायला बहुतेक वेळा काका. काका म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ, तेव्हा बावीस-तेवीसचे. पैलवान. गावच्या तालमीत तयार झालेले, आजूबाजूच्या जत्रांत फेटे जिंकलेले. खासबागेच्या मैदानात एकदा तरी आपली कुस्ती लागावी, हे त्यांचं डोक्यातलं वेड. आज्जी त्यांच्यासाठी म्हशीचं धारोष्ण दूध वेगळं काढून ठेवायची.

गाडी रात्री आमच्या पडवीत उभी असायची. सकाळी तिच्याखाली तेलाचा एक डाग दिसायचा. फार नाही, रुपयाएवढा. इंजिनातनं एक रबरी नळी मागं गेलेली होती. तिच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं चपटं रबर. त्या चोचीतनं थेंब पडायचा. पडवी शेणानं सारवलेली. आज्जी रोज सकाळी तो डाग बघायची आणि बोलायची.

१९८६ सालची दिवाळी. मी अकरा वर्षांचा. पाडव्याच्या आदल्या दिवशी आज्जीनं पडवी सारवली, कडेनं रांगोळीची वेल काढली, आणि मला म्हणाली, "ती गळती तेवढी बंद कर की रं, लेकरा. सणासुदीचं तरी."

मी कामाला लागलो. ती चोच उपटून काढली. मक्याच्या बुरकुंडाचा तुकडा तासला, त्याला आज्जीच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, आणि नळीत गच्च ठोकला. वरनं चोच परत चढवून तारेनं आवळली. बाहेरून काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पडवी कोरडी. आज्जीनं माझ्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली. मी तो प्रकार विसरूनही गेलो. अकरा वर्षांच्या पोराला केलेलं काम किती दिवस लक्षात राहणार?

नेमकं त्याच आठवड्यात मिस्त्रीनं बुलेटचं इंजिन उघडलं होतं. धूर काढत होती म्हणून पिस्टनला नव्या रिंगा घातल्या होत्या. आणि आठ-दहा दिवसांत गाडीला भलतीच गळती लागली. डाव्या चेन कव्हरातनं, वरच्या रॉकर कव्हरातनं, सिलिंडरच्या बुडातनं, सगळीकडनं. आण्णांच्या पायजम्याला तेलाचे डाग. आण्णा दोनदा मिस्त्रीकडं गेले. त्यानं नट आवळून दिले आणि म्हणाला, "रिंगा अजून बसायच्या हायत, थोडी कळ काढा." तोही तेव्हा अंदाजानंच बोलत होता. चार स्ट्रोकच्या गाडीवर त्याचा हात अजून बसला नव्हता.

कार्तिकातल्या एका रात्री आण्णा आणि काका कोल्हापूरहून परत येत होते. ओढ्याच्या पुलाआधी रस्ता वळतो. तिथं मागचं चाक साबणावर पाय पडावा तसं सरकलं. चेन कव्हरातलं तेल वाऱ्यानं मागच्या टायरवर उडालं होतं. आण्णांना खरचटलं. काकांच्या उजव्या नडगीवर गाडी पडली. हाड दोन ठिकाणी मोडलं. चार महिने प्लास्टर. पाय जुळला, पण थोडा आखूड जुळला. कुस्ती संपली.

तिसऱ्या दिवशी आण्णा चावडीसमोर मिस्त्रीला भेटले. दहा-बारा माणसं होती. आण्णा आवाज चढवणारे नव्हेत, पण त्या दिवशी त्यांनी चढवला. "तुला येत न्हाई तर हात लावायचा न्हाई. माझ्या भावाचा पाय गेला तुझ्या कामानं." मिस्त्रीनं मान खाली घातली. एक शब्द बोलला नाही. गावात अशा गोष्टीला वेळ लागत नाही. राजदूतवाले दुसऱ्या गावाला जायला लागले. शेडात फक्त सायकलींचं पंक्चर आणि कुदळीचे दांडे उरले.

आण्णांनी गाडी शहरातल्या एका गॅरेजला टाकली. त्यांनी कव्हरं उघडली, नवी गॅस्केटं घातली, शेलॅक फासलं, नट करकचून आवळले. आठ दिवसांत पुन्हा गळती. परत नेली. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं, "जुनी गाडी हाय, गळणारच." घरी तोवर वरनं ऑईल ओतणं चालूच. शेवटी आण्णांनी गाडी गोठ्याच्या कडेला उभी केली आणि पुन्हा सायकल काढली. फाल्गुन उजाडला तरी ती तिथंच. तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

मिस्त्रीला घरी बोलावलं ते आज्जीनं. आण्णा संघाच्या मिटिंगला गेलेले. तिनं माझ्याकरवी सांगावा धाडला. मिस्त्री आला, उंबऱ्याबाहेरच थांबला. आज्जी म्हणाली, "माझा एक ल्योक लंगडा झाला, दुसरा कडू झाला. त्या गाडीत काय हाय ते बग बाबा एकदा. तुझ्याच हातानं बग."

मिस्त्रीनं गाडी अंगणात घेतली. त्या दुपारी त्यानं जे केलं, ते मी पुढं आयटीआयला शिकलो त्याहून जास्त मला शिकवून गेलं.

आधी त्यानं काहीच उघडलं नाही. रॉकेल आणि ब्रशानं सगळं इंजिन धुतलं. महिन्या-महिन्यांची तेल-मातीची खापरं सुटली. फडक्यानं पुसलं, उन्हात वाळवलं. म्हणाला, "तेल खाली वघळतं आन् वाऱ्यानं मागं जातं. जिथं दिसतंय तिथनं येतंय आसं न्हाई. सगळ्यात वरचं आन् सगळ्यात फुडचं वलं ठिकाण हुडकायचं." मग माझ्याकडं वळला, "घरात पावडरचा डबा हाय का?" मी आईचा तोंडाला लावायचा पावडरचा डबा आणला. त्यानं तळहातावर घेऊन फुंकरीनं सगळ्या जोडांवर पावडर उडवली. काळं इंजिन पांढरं झालं. मग किक मारली आणि गुडघ्यावर बसून बघत राहिला.

मीही बघत होतो. पाच मिनिटांत पांढऱ्यावर काळी रेघ उमटली. उजवीकडं टॅपेटच्या झाकणाखाली. मग वर रॉकर कव्हरला. मग सिलिंडरच्या बुडाशी. मग डावीकडं चेन कव्हरला. चारही ठिकाणी, जवळजवळ एकदम.

मिस्त्री स्वतःशीच बोलला, "एका जागी गळालं तर गॅस्केट. चार जागी एकदम गळालं तर गॅस्केटाचा दोष न्हाई. आतनं कोन तरी ढकलतंय."

त्यानं चालू इंजिनाचं ऑईल भरायचं बूच सैल केलं. फुस्स करून वाफ आली, तेलाचे शिंतोडे उडाले. त्यानं तिथं तळहात धरला. आतली हवा तळहात वर ढकलत होती. आणि बूच उघडं असताना खालच्या रेघा पुढं सरकायच्या थांबल्या. त्यानं गाडी बंद केली, बराच वेळ तिथंच बसला. मग इंजिनापासून निघालेल्या रबरी नळीवर बोट ठेवून तो हळूहळू मागं सरकत गेला. टोकाशी आला. तार बघितली.

त्या क्षणी मला आठवलं.

त्यानं तार सोडली, चोच काढली आणि पक्कडीनं आतलं ओढलं. आधी हिरवी चिंधी आली, मग बुरकुंडाचा तुकडा, काळा कुळकुळीत. त्यानं चिंधी बोटानं उलगडली. लुगड्याचा काठ अजून ओळखू येत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या पोटात खड्डा पडला होता. त्यानं चिंधी घडी करून खिशात घातली आणि मला म्हणाला, "जा, पाणी आन."

नंतर मोठेपणी मी त्यातलं शास्त्र समजून घेतलं. बुलेटचं इंजिन ३४६ सीसीचं. पिस्टन एकदा खाली आला की खालच्या पेटीतली तेवढीच हवा दाबली जाते. दूध संस्थेच्या मापानं सांगायचं तर पाव लिटरपेक्षा जास्त, अर्ध्यापेक्षा कमी. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तरी सेकंदाला तेहतीस वेळा. त्यात रिंगांच्या कडेनं वरचा थोडा वायूही खाली झिरपतो, आणि रिंगा नव्या असल्या की जरा जास्तच. ही हवा बाहेर जायला वाट लागते. ती वाट म्हणजे ब्रीदर, ती नळी. टोकाची चोच हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. हवेबरोबर तेलाचा एखादा थेंब येतो, तो यायचाच. राजदूतच्या इंजिनाची तऱ्हा उलटी. तिथं पेट्रोलचं मिश्रणच खालच्या पेटीतनं वर जातं, म्हणून ती पेटी हवाबंद लागते. बुलेटची पेटी हवाबंद केली की तेल मिळेल त्या फटीतनं बाहेर पडतं. मी त्या इंजिनाचं नाक दाबलं होतं.

संध्याकाळी आण्णा आले. अंगणात मिस्त्रीला बघून त्यांचा चेहरा ताठ झाला. मिस्त्री उठून उभा राहिला. म्हणाला, "आण्णा, नळीत कुंभारणीनं घर केलं हुतं. मातीनं बुजली हुती. हवा कोंडत हुती, म्हनून तेल ढकलत हुतं. कुनाचाच दोष न्हाई."

कुंभारीण म्हणजे ती मातीचं घर बांधणारी माशी. कुठल्याही भोकात ती घर करते, हे आमच्याकडं पोरालाही ठाऊक. आण्णांनी ते खरं मानलं. थोडा वेळ ते खांबाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मी तुला चावडीवर बोललो."

मिस्त्री म्हणाला, "पाय मोडला हुता. मानूस बोलतं."

"चावडीवर बोललो ते चावडीवरच परत घ्यायला पायजे," आण्णा म्हणाले.

पण काम अजून संपलं नव्हतं. कारण दूर झालं, तरी झालेलं नुकसान राहतंच. करकचून आवळल्यामुळं टॅपेटचं झाकण वाकलं होतं. मिस्त्रीनं काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवला आणि झाकण आठाच्या आकड्यात घासायला मला लावलं. मधूनमधून बघायचं. जिथं चकाकतं तिथं उंच, जिथं काळं राहतं तिथं खोल. सगळं सारखं चकाकेपर्यंत तासभर गेला. गॅस्केट त्यानं जाड कागदाचं केलं. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. कागद झाकणाच्या तोंडावर ठेवून कडेकडेनं हातोडीचे हलके ठोके द्यायचे, की लोखंडाची धारच कागद कापते. वाढीव ओतलेलं ऑईल काढून टाकलं. नट हातानं फिरेल तितका फिरवून वर पान्ह्याचा थोडासाच ताण दिला. "आवळलं म्हंजे थांबलं आसं नसतंय," एवढंच बोलला. मग पुन्हा पावडर, पुन्हा किक. दहा मिनिटं झाली, पांढरं पांढरंच राहिलं. फक्त चोचीतनं एक थेंब पडला. आज्जीनं त्याखाली डालड्याचा रिकामा डबा आणून ठेवला. तो डबा पुढं पंधरा वर्षं पडवीत होता.

दुसऱ्या दिवशी आण्णा मिस्त्रीला मागं बसवून गावातनं गेले. चावडीसमोर गाडी थांबवली. काय बोलले ते मी ऐकलं नाही. पण आठवड्याभरात एक राजदूत शेडात उभी दिसली.

त्या सुट्टीत मी रोज शेडात जायला लागलो. मिस्त्रीनं चिंधीचा विषय कधी काढला नाही. एकदाच, पान्हे पुसताना मी रडायला लागलो, तेव्हा म्हणाला, "तू गळती थांबवायला गेलतास. वाईट कराया न्हाई. पन ह्याफुडं कुटंबी बूच मारायच्या आदी, ते का गळतंय ते बगायचं." मी विचारलं, "काकाला सांगू का?" तो गप्प राहिला. मग म्हणाला, "ते तुझं तू बग. मी माझ्यापुरतं सांगितलं हाय."

मी सांगितलं नाही. आयटीआय केलं, एसटीच्या डेपोत लागलो. आण्णा गेले, त्यांच्याआधी आज्जी गेली. दोघांनाही मी सांगितलं नाही. काका संस्थेत दूध मोजायच्या कामावर होते. लंगडत यायचे, लंगडत जायचे, आणि जत्रेच्या दिवशी मैदानाकडं न जाता गोठ्यात काहीतरी काम काढायचे. ते मला दिसायचं.

मिस्त्री गेला तेव्हा मी रजा काढून आलो. मातीहून परतल्यावर काका आणि मी पडवीत बसलो होतो. लोक मिस्त्रीच्या आठवणी काढून निघून गेले होते. कुणीतरी जाता जाता म्हणालं होतं, "हात चांगला हुता, त्या बुलेटचं तेवढं चुकलं." इतक्या वर्षांनी, आण्णांनी चावडीवर शब्द परत घेऊनही, गावानं तेवढंच लक्षात ठेवलं होतं. मग मला राहवलं नाही. मी काकांना सगळं सांगितलं. बुरकुंड, चिंधी, तार, कुंभारणीची थाप, सगळं.

काका फार वेळ बोलले नाहीत. उजव्या नडगीवरनं हात फिरवत राहिले. शेवटी विचारलं, "चिंधी कुटली हुती?"

"आज्जीच्या हिरव्या लुगड्याची."

काका एकदम हसले. हसता हसता डोळे पुसले. म्हणाले, "म्हातारी माझ्यासाठी दूध काढून ठिवायची, आन् तिच्याच चिंधीनं..." पुढं बोलले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, "त्या वळणाला मीच आण्णाला म्हटलं हुतं, जोरात सोड, जेवान गार हुतंय. हे बी कुनाला सांगितलं न्हवतं."

मग ते उठले, काठी घेतली, आणि चावडीकडं निघाले. मी म्हटलं, आता कुठं? म्हणाले, "मिस्त्रीचं चुकलं न्हवतं, हे सांगाया पायजे. चल तू बी. तुझ्या तोंडानं सांग."

त्या संध्याकाळी मी चावडीवर सांगितलं. आता इथं लिहूनही ठेवतो. गावात यंत्रं कशी आली याचा इतिहास कुणी लिहीलच कधीतरी. त्यात आमच्या मिस्त्रीच्या नावापुढं ही एक चूक लागू नये, एवढ्यासाठी.